दोन सुटांची शिलाई

जहाजावरचा खानसामा न्दुंबे
दोन सूट शिवून घेऊन गेला,
पैसे पुढच्या फेरीला, म्हणाला,
आणि गहाण म्हणून टेबलावर ठेवून गेला
एक करडा पोपट.
ती फेरी काही आली नाही. सात वर्षं झाली.

अंगभर राख, आणि शेपटीत
कुणीतरी विझवायला विसरलेला निखारा.
पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या गळ्यातली मोजपट्टी ओढली,
चव घेतली, साठ सेंटिमीटरपाशी भोक पाडलं.
म्हणून नाव मीटर.
तेव्हापासून बोनाबेरीतल्या सगळ्या कमरा
मी एक भोक वगळून मोजतो.

बोलायला त्याला कुणी शिकवलं नाही.
त्यानं सरळ विचारायलाच सुरुवात केली.
"हे काय?"
बटण.
"हे काय?"
हूक.
"हे काय?"
अरे, तेही बटणच, फक्त मोठं.
यावर तो मान वाकडी करून असा बघतो
जसं उरलेलं कापड कुठे गेलं विचारणारं गिऱ्हाईक.

वीज गेली की तो शेजारच्या जनरेटरचा आवाज काढतो,
फटफट, धाप, पुन्हा फटफट,
इतका हुबेहूब की गल्लीतली पोरं
फोन चार्जिंगला घेऊन धावत येतात
आणि त्यांचा पोपट होतो.
मग तो हसतो. हसू माझं असतं.
मी ते शेवटचं कधी वापरलं, आठवत नाही.

मादाम न्गो म्बेलेक ट्रायलला आल्या तेव्हा
तो माझ्या आवाजात, माझ्या खोकल्यासकट म्हणाला,
"परत जाड झाल्या. शिवण सोड दोन बोटं."
मशीन थांबलं. मेंगेनं तोंडात टाचण्या असून हसू दाबलं,
तो जिवंत आहे हे नशीब.
मादामनी उधारी चुकती केली,
कापड उचललं, समोरच्या शिंप्याकडे गेल्या.
तीन आठवड्यांनी परत आल्या.
त्याच्याकडे शिलाई बरी आहे, म्हणाल्या,
पण बोलायला कुणी नाही.

हे सगळं दिवसाचं.
रात्री पिंजऱ्यावर चादर टाकली
की तो सराव करतो.
हळू. चुकत. टाका उसवून पुन्हा घालावा तसा.
"बाट. बटाण. बट—"
मग बराच वेळ काही नाही.
मग, "बटण."
पोपटपंची म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन
या अंधारात बसावं.

आणि कधी कधी, त्याच सरावात,
एक आवाज येतो जो माझ्या दुकानात नाही.
मशीन नाही, बंदराचा भोंगा नाही, मशिदीपुढचा फेरीवालाही नाही.
ओल्या पानावरून काहीतरी घसरावं तसा,
आणि मग वरून, खूप वरून,
त्यालाच कुणीतरी उत्तर द्यावं तसा.
दोन्ही बाजू तोच करतो.

मेंगे पूर्वेकडचा, लोमिएच्या पलीकडचा.
त्याला एका रात्री थांबवून ऐकवलं.
त्यानं हातातली इस्त्री उभी केली.
"पहाटे," म्हणाला, "रॅफियाच्या झाडांत.
शेकडो असायचे. झोप मोडायची."
आता?
"आता आईला विचारावं लागेल."
आणि एक कोरी कॉलर उगाच पुन्हा इस्त्री करत बसला.

तो गेल्यावर मी चादर उचलली.
मीटर जागाच होता. पिवळ्या डोळ्यातली बाहुली
बारीक झाली, मोठी झाली, बारीक झाली.
सात वर्षांत पहिल्यांदा मी त्याला विचारलं,
हे काय?

त्यानं एक पाय पोटाशी घेतला.
विचार केला, किंवा केल्यासारखं केलं.
"बटण," म्हणाला,
माझ्याच आवाजात,
ज्या आवाजात मी घाईत असलो की
कुणालाही वाटेला लावतो.