शेरा

अंबड रोडला, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात
एकेचाळीस कुत्री आणि एक खाजामियाँ.
छताच्या कैचीला अजून कापसाचे तूस लोंबतात
आणि खाली सगळ्यांचं एकदम भुंकणं,
पत्र्यावर आपटून पुन्हा अंगावर येणारं.

एकच गप्प होती.
कोपऱ्यात, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर,
भिंतीकडं तोंड करून, रुसलेल्या पाहुणीसारखी.
"ती नका नेऊ ताई," खाजामियाँ म्हणाले,
"वो भौंकतीच नै. राखणीला काय कामाची?
ते पांढरं पिल्लू बघा, फोटोत चांगलं दिसंल."

मी रजिस्टर मागितलं. सवय.
वजनकाट्यावर अकरा वर्षं काढली की
माणूस आधी रकाने वाचतो, मग तोंडं.
नंबर बावीस. मादी. वय अंदाजे चार.
रंग तपकिरी लिहिलेला,
मला तो भाकरीच्या करपल्या बाजूचा वाटला.
लस झालेली. ऑपरेशन झालेलं.
शेऱ्याच्या रकान्यात, दोन वेगळ्या पेनांनी:
परत आली.
परत आली.

माझा शेरा कुणी लिहिला नव्हता.
टकलेबाईंनी जिन्यात विचारलं होतं नुसतं,
"किती दिवसांसाठी आलीस गं?"
त्याला आता नऊ वर्षं होतील.

फॉर्मवर विचारलेलं: घरात माणसं किती?
लिहिलं, एक.
कुत्रं कशासाठी हवं?
इथं पेन थांबला.
"आवड लिहा," खाजामियाँ म्हणाले, "सगळे तेच लिवतात."
आवड लिहिलं.
खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं.

रिक्षावाला आधी नाही म्हणाला,
मग तीस रुपये जास्त म्हणाला.
मोतीबागेपासून ती माझ्या चपलेवर हनुवटी टेकून बसली,
अंग असं आवळून,
जसं काही जागेचं भाडं तिलाच पडणार आहे.

तीन दिवस दारापाशीच झोपली, पट्टा काढला तरी.
न्यायला येतील तेव्हा शोधायला नको, म्हणून असावं.
ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून ठेवली
तर मी मोरीत जाईपर्यंत वाट बघायची,
मग इतकं हळू खायची
की ताटलीचा आवाज नाही.
हे ओळखीचं होतं.
आईकडं आले त्या वर्षी
मी कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नव्हते.

"मुकीच आणलीस काय गं? पैसे तरी परत देतेत का?"
"पैसे नाही पडले, काकू."
"मग बरोबरय."

एका रविवारी तिला कारखान्यावर नेलं.
साठ टनांच्या काट्यावरून चालता चालता
ती मधोमध थांबली,
खाली पोकळ आहे हे पंजांना कळलं.
स्क्रीनवर शून्य, दहा, शून्य, दहा.
दहाच्या अलीकडचं त्याला नीट दिसत नाही,
सळयांच्या गाड्यांसाठी केलेला काटा तो.
मी केबिनच्या काचेबाहेर येऊन तिच्याजवळ उभी राहिले,
मान वळवून बघितलं.
सत्तर.
आकडा हलत नव्हता.
पावती काढावी असं मनात आलं,
पण मालाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.

आणि परवा रात्री, पावणेतीनला, ती भुंकली.
एकदाच. मग स्वतःच्याच आवाजाला दचकून पलंगाखाली.
मी लाटणं घेऊन उठले.
खिडकीत कोणी नाही, गल्लीत कोणी नाही,
फक्त मोरीतल्या नळात हवा फुसफुसत होती.
अकराव्या दिवशी पाणी येऊ लागलं होतं
आणि अख्ख्या गल्लीत ते आधी हिला कळलं होतं.
मग बादल्या वाजल्या, मोटारी सुरू झाल्या,
टकलेबाई नायटीवर टॉवेल टाकून पाइप ओढत आल्या
आणि पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघून म्हणाल्या,
"हाव, हिचं नाव काय म्हणलीस?"

नाव नाही ठेवलेलं अजून.
बावीस म्हटलं की डावा कान हलतो.
काकू आता झोपायच्या आधी जिन्यातून ओरडतात,
"भुंकली का गं?"
नाही, म्हणते मी, आज नाही.

दारापासून ती दोन फरश्या आत सरकली आहे.