एकवीस नंबर

बोलू नका, मी त्याला म्हणाले होते,
कॅमेऱ्याची कांडी तोंडात असताना जीभ हलली
की चित्र फाटतं.
तरी तीनदा काहीतरी सांगायला गेला.
तीनदा पुसून पुन्हा घेतलं.

ते दोन वर्षांपूर्वी. आज दुपारी
सिव्हिलमधून पेन ड्राइव्ह आला, सोबत हवालदार बडिगेर.
मार्कंडेयच्या पात्रात, कंग्राळीच्या खाली,
नऊ दिवस पाण्यात राहिलेला एक माणूस.
चेहरा नव्हता. खिशात काही नव्हतं.
शाबूत होते ते दात,
आणि वडगावात कुणीतरी आमच्या दवाखान्याचं नाव सांगितलेलं.

डॉक्टरांनी जुनं चित्र निळं केलं, नवं तांबडं,
एकावर एक ठेवलं.
आधी सरकलं. मग दाढांच्या खाचा खाचांत बसल्या
धोट्यात कांडी बसावी तशा,
आणि कुठलं निळं, कुठलं तांबडं, कळेना.

वरचा, डावा, अगदी समोरचा. एकवीस नंबर.
त्याच्या धारेवर एक बारीक घळ,
दोन्हीकडे सारखीच तिरकी.
"हल्लु मुरिदिदेया?" बडिगेरनी विचारलं.
मोडला नाही, साहेब. झिजलाय.
अठरा वर्षं मागावर तुटलेला धागा गाठून
टोक दातानंच तोडायचा.
कात्री खुंटीला गंजली, असं मंगल सांगत होती
बाहेरच्या बाकावर,
अजून तिला कुणी काही सांगितलं नसताना.

तिनं मराठीत नाव उच्चारलं,
बडिगेरनी कन्नडमध्ये उतरवलं,
भरमाणी सातेरी हलगेकर, आणि पुढच्या रकान्यात
नुसता आकडा: २१.

सेहेचाळीसची कॅप तेव्हाच बनून आली होती.
पाचशे दिलेले, राहिलेले दिवाळीला देतो की, म्हणालेला.
खणात हिरवी डबी, डबीवर त्याच्या नावाची चिठ्ठी.
ती मी काढून दिली.
तिनं बोटाच्या टोकावर घेतली, मक्याच्या दाण्याएवढी,
उजेडाकडे धरून पाहिली
आणि बाकी किती द्यायची, म्हणत पिशवीत हात घातला.
डॉक्टर आत निघून गेले.

मग पडद्यावरचं ते उघडं तोंड
ती बराच वेळ बघत राहिली. ओठ नाहीत, गाल नाहीत.
"यात आवाज येत नाही काय ओ?"

नाही, म्हणाले मी.

तिसऱ्या वेळी तर मी त्याच्या खांद्यावर
हात ठेवून दाबला होता.
आता गप्प बसा बघू, म्हणत.