धुणीघराची किल्ली

हलू नका, बोलू नका, मी सांगतो.
इशबेल गेडीज दोन्ही करते.

डावी नाकपुडी. आत, मधल्या भिंतीच्या पुढच्या टोकाशी,
जिथं बारीक वाहिन्या एकमेकींत गुंततात,
तिथं मी काचेचा धागा अलगद टेकवतो.
लाल उजेड आत जातो,
धावत्या रक्ताला थडकून परततो,
यंत्रावर उमटतं: एकशे चाळीस.

"एकशे चाळीस काय?"
काहीच नाही. थेंब नाहीत, मिलिलिटर नाहीत.
आधीचं नंतरच्याशी ताडून बघायला, इतकंच.
"आमच्या शेजारणीसारखं," ती म्हणते.
आकडा उसळतो, खाली बसतो.

बत्तीस वर्षं डंडीच्या चढांवर टपाल वाटलं तिनं,
चालली नाकासमोर.
आता रक्त पातळ ठेवायची गोळी आहे
आणि घोळणा फुटतो तो कुठंही:
बसमध्ये, ग्रंथालयात,
भाचीच्या लग्नात, पांढऱ्या केकसमोर.

आधी मानेवर बर्फाची पिशवी. दहा मिनिटं.
आकडा ढिम्म.
खिडकीबाहेर टे नदीवरचं धुकंही तसंच.
मग बर्फाचा खडा तोंडात, टाळूला लावून.
एकशे वीस. एकशे दहा. एकशे चार.
रात्री जिन्यावरून कुणी
चपला हातात घेऊन उतरावं, तसा.

खडा गालात सरकवून ती म्हणते:
"आई मानेवर किल्ली ठेवायची. लोखंडी,
धुणीघराची, आठ बिऱ्हाडांत मिळून एक.
तागाच्या गिरणीतून नुकती आलेली, केसांत तूस,
मला पायरीवर पुढं वाकवून बसवायची
आणि किल्ली सोडायची झग्याच्या आत, पाठीवरून.
ते फुकटच म्हणायचं?"

यंत्राकडे बघून सांगायचं तर, फुकटच.

ती बराच वेळ खडा चघळते.
"रक्त काय, थांबायचंच आपसूक.
पण तिच्या हातांनी तोवर काय करायचं होतं?"

एकशे एकतीस.
मी नोंद करतो: रुग्ण बोलली. वाचन ग्राह्य नाही.

धागा काढतो, कापूस देतो.
कोटाची बटणं लावता लावता ती दारातून वळते.
धुणीघर पाडलं, तिथं आता गाड्या उभ्या राहतात.
किल्ली आहे अजून, चमच्यांच्या खणात.
"आणू? मोजून तरी बघा."

मी वहीत लिहितो:
मंगळवार, साडेदहा. गेडीज.
बर्फ.
किल्ली.