निळा दोर

हर्णैच्या वाटेवरचं आमचं देऊळ
पलटणीच्या मापाने बांधलेलं:
चारशे माणसं बसतील एवढं.
आम्ही येतो सतरा.
नाताळात पुण्याची सोनकांबळे मंडळी उतरली
तर सव्वीस,
त्यातली पाच बाकांखाली रांगतात.

बाकांच्या पाठीला अजून खाचा आहेत
बंदुका टेकवून ठेवायच्या.
माझी आई त्यात छत्री अडकवायची.

जुनी नोंदवही माझ्याकडे असते,
कडुलिंबाचा पाला घालून, ट्रंकेत.
पहिली चाळीस पानं नुसती तापाची.
ढोल वाजवणारा पोरगा, वय एकोणीस.
कप्तानाची मुलगी, वय चार दिवस.
अक्षर इतकं वळणदार
की मरण लग्नपत्रिकेसारखं दिसतं.
मग मध्येच वेगळी शाई, जाड टाक:
‘बापू, पंखेवाला, राहणार जालगाव.
बाप्तिस्म्याचे नाव शांतवन.’

तो माझा खापरपणजोबा.
व्हरांड्यात बसून पंख्याचा दोर ओढायचा.
भिंत जांभ्याची, हातभर रुंद,
तिच्यातल्या भोकातून
दोर आत जायचा
आणि उपदेश बाहेर यायचा.
अकरा वर्षं त्याने देवाचं ऐकलं,
वेदी एकदाही पाहिली नाही.
भोक अजून आहे. गांधीलमाश्यांनी घर केलंय.
मी त्याच बाकावर बसते,
एकदा चावल्यात, तरी.

पलटण गेली, साहेब गेले,
वादळात अर्धं छप्पर गेलं.
घंटा राहिली, तिचा दोर मात्र कुजला.
तीन रविवार गप्प गेले
तेव्हा बंदरावरून अब्बास बुरोंडकर आले,
खांद्यावर होडीचा नायलॉनी दोर, निळाभोर.
म्हणाले, तुमची घंटा वाजत नाही,
आमची म्हातारी वार विसरायला लागलीय.

आता बिशपसाहेबांचं पत्र आलंय:
वास्तू मोठी, मंडळी लहान,
तरी आपले मत कळवावे.
मी लिहायला बसले.
फुटकी कौलं किती, ते लिहिलं.
वाळवी कुठवर चढली, तेही.
मत काही कागदावर उतरेना.

शेवटी उठले. साडेआठ झाले होते.
दोर ओढला,
आत उभी राहून.

नायलॉन तळव्याला कापतो.
पुढच्या खेपेला अब्बासभाईंकडे
काथ्याचा मागेन.