वजनाची चौकट

केसपेपरवर वजनाची चौकट असते.
लहान मुलांची आम्ही कोरी सोडायचो,
नाहीतर लिहायचो: अंदाजे.

माझी आई दिवाळ्याच्या बाजारात
सरंगा नुसता हातावर तोलून सांगायची, सव्वा किलो.
काट्याने तिला कधी खोटं पाडलं नाही.
मला वाटायचं, हात तिचाच आलाय.

यंदा ऐरोलीच्या कॅज्युअल्टीत बाळांचा काटा आला,
दाराच्या आत, जिथे वॉर्डबॉय हेल्मेटं ठेवायचे.
ट्रॉलीचा खालचा कप्पा उपसला:
मुदत संपलेलं जेल, कुणाचा तरी डबा,
आणि तळाशी एकच छोटा मास्क,
रबर कडक झालेलं.

मंगळवारी रात्री बाहुलीचा सराव.
घनःश्याम तिला रिक्षातून आणल्यासारखा धावत आणतो.
पहिल्या वेळी आम्ही चार मिनिटं मास्क शोधला.
बाहुली काही बोलली नाही.
घड्याळ बंद करून डॉक्टर कुरेशीही.

काल सव्वादोनला खरीच रिक्षा.
घणसोलीची, नऊ महिन्यांची, ओठ निळसर.
उचलताक्षणी हातांनी सांगितलं: सात किलो.
मास्क तोवर लागला होता.
काट्यावर ठेवली.
सहा-शंभर, मी मोठ्याने वाचलं.
सहा-शंभर, कुरेशी मोठ्याने म्हणाले,
आणि सिरिंजमध्ये तेवढंच भरलं.

उजाडता ती रडली, चांगली ठणठणीत.
मी आईला फोन लावला. हात चुकला, म्हटलं.
कितीने?
नऊशे ग्रॅम.
पलीकडे बाजार चालू, ती गप्प.
मग म्हणाली,
माझं गिऱ्हाईक परत येऊन भांडतं तरी.