भेटपत्र

ड्वायर चांगला माणूस आहे.
कागद सरकवताना आवाज खाली घेतो,
डॉक्टर रिपोर्ट हातात देतात तसा.
"वडिलांची सही इथे. आणि इथे.
मजकूर साधा आहे, सगळ्यांचा हाच असतो."

सदर रक्कम भेट आहे, कर्ज नव्हे.
ती परत करावी लागणार नाही,
आज नाही, पुढेही नाही.
देणाऱ्याचा या घरावर कसलाही हक्क राहणार नाही.

पाई चष्मा कपाळावर चढवून वाचतात.
हॅमिल्टनला येऊन त्रेचाळीस वर्षं झाली
तरी इंग्रजी वाचताना ओठ हलतात.
"कसलाही हक्क नाही," पुन्हा वाचतात,
"म्हणजे रविवारी जेवायला यायचं की नाही?"
ड्वायर हसतो.
पाई हसत नाहीत.

"अजून एकच, मिस नेलिया," ड्वायर म्हणतो.
पैसा कुठून आला ते लागेल.
नव्वद दिवसांचा उतारा,
आणि त्याआधी एकरकमी काही आलं असेल, तर त्याचाही कागद.

कागद तळघरात होता.
तळघरातल्या त्या दुसऱ्या स्वयंपाकघरात,
जिथे आई खरं रांधते
(वरचा ओटा नुसता पाहुण्यांना दाखवायचा),
खारवलेल्या माशाच्या खोक्यामागे
बिस्किटांचा डबा, आणि डब्यात
कामगार भरपाई मंडळाचं पत्र:
डावा हात. अनामिका. करंगळी.
दुसऱ्या सांध्यापासून.
एकवीस हजार तीनशे डॉलर.

मी नऊ वर्षांची होते.
बोटं गेली हे माहीत होतंच,
लपवणार कुठे?
पिकोच्या समुद्रात माशानं नेली, असं ते सांगायचे,
आणि दर वेळी मासा थोडा मोठा व्हायचा.
पण बोटांचे पैसे आले होते,
हे कुणी बोललं नाही.
त्या वर्षी आई रात्री ऑफिसं पुसायला जायची.
त्या वर्षी वर्गाची ओटावाची सहल गेली
आणि मी तापाचं निमित्त केलं.

"तेव्हा का नाही काढलेत?"
माझा आवाज चढला. तळघरात तो जास्तच चढतो.
पाई डब्याचं झाकण पुसत राहिले.
"ते माझे नव्हते."
"मग कुणाचे?"
"बोटांचे."

आई म्हणाली, कॉफी घ्या.

देणं आणि देणं.
शब्द एकच,
वहीत लिहिला की एक अर्थ,
हात पुढे केला की दुसरा.
बँकेला पहिला नको आहे,
तो नाही असं सहीनिशी लिहून हवं आहे.
दुसऱ्यासाठी त्यांच्याकडे रकाना नाही.
मी परत करणार नाही.
कायद्यानंच मला मनाई आहे, असं म्हणू का?
तीस वर्षं हप्ते भरेन
आणि जे खरंच द्यायचंय
ते कुठल्याच हप्त्यात बसणार नाही.

डेलियोला अजून सांगितलेलं नाही.
कॅलगरीहून तो अभिनंदन म्हणेल,
आणि त्याआधी फोनवर
एक छोटीशी शांतता येईल.
बोटं तर दोन होती, तो म्हणणार नाही.
मला ऐकू येईल.

सही झाली. पाईंनी कागद
उरलेल्या तीन बोटांनी दाबून धरला,
उजव्या हातानं पूर्ण नाव लिहिलं:
गुआल्तेर द सोझा ब्रूम,
शाळेतल्या मुलासारखं, ओळ न सोडता.
ड्वायरनं प्रत काढली. छान सही, म्हणाला.

ऑक्टोबरचा पहिला रविवार.
किल्ली त्यांच्या खिशात आहे, मीच दिली.
तरी बेल वाजते.
दार उघडते तर ते दोन पावलं मागे,
एका हातात आईनं दिलेली पिशवी, दुसऱ्यात थापी,
माझ्याकडे नाही, खाली बघतायत.
"ही पायरी हलते," म्हणतात.
"कुणी बसवली?"