चार दिवस उशीर

समुद्रातून मीठ काढायचं, ही माझी नोकरी.
घरी यावं तर अंगणात तेच मीठ,
वाफ्यावर पांढऱ्या पापुद्र्यासारखं चढलेलं.
शिनासला येऊन नऊ वर्षं झाली.
वांगी तीनदा गेली.

मोतालेब कॉलनीचं गवत कापतो, मंगळवारी.
कापलेलं काळ्या पिशव्यांत कोंबून फाटकाशी ठेवतो.
"एक मला दे," म्हटलं, तर हसला,
"बकरी पाळली की काय?"

पहिली पिशवी तशीच ओतली, ओली, वीतभर जाड.
तिसऱ्या दिवशी हात घातला तर चटका.
आणि वास असा, की शेजारच्या कुरियनबाईंनी
गटार तुंबलं म्हणून फोन केला.
मग कळलं: आधी वाळवायचं,
बोटभरच पसरायचं,
रोपाची मान मोकळी ठेवायची.
वर खजुराच्या झावळ्या, कोयत्याने तुकडे करून,
आणि बादलीत जमवलेलं एसीचं पाणी,
तेवढंच काय ते बिनमिठाचं.

ऑक्टोबरात ताग पेरला.
बी पुतण्याने आणलं, मोज्यात बांधून.
गुडघ्याएवढा झाला तेव्हा मोतालेब कुंपणाशी थबकला.
"शोण!" म्हणाला.
"ताग," मी म्हणालो.
दोघंही बरोबर.

नियम साधा आहे. कळी धरली की कापायचा,
दांडा कोवळा असतानाच गाडायचा.
फुललेला ताग कुजायचं मनावर घेत नाही.
मी विळा काढूनही ठेवला होता.
"थांबा ना," मोतालेब म्हणाला.
हातियाला त्यांच्या बांधावरचं हे पिवळं
सात वर्षांत त्याने पाहिलं नव्हतं.

थांबलो.
रोज संध्याकाळी तो यायचा, मशीन दारात बंद करून.
बोलायचा नाही.
एकदा फोन फुलांसमोर धरून उभा होता;
पलीकडून एका पोरीचा आवाज आला,
मग रेंज गेली.

पाचव्या दिवशी दोघांनी मिळून कापला.
दांडे राठ झालेले, विळा अडत होता,
मोतालेब स्वतःलाच शिव्या घालत
एकेक दांडा गुडघ्यावर मोडत होता.
फेब्रुवारी आला तरी पुरते कुजले नाहीत.
एका कोपऱ्यात वाळवी लागली.
वांगी याही वर्षी यथातथाच.

आज पाणी घालण्याआधी सहज मूठभर माती उचलली.
इथली वाळू कितीही आवळा, सांडतेच.
ही सांडली नाही.
मूठ उघडली:
चार बोटांच्या चार खोबणी,
आणि मधोमध तागाचा एक तंतू,
अजून न कुजलेला.